सात मार्कांची मंडई

शुक्रवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. मी डेडलाइनच्या तोंडावर, एडिटरचे तीन मिस्ड कॉल पडलेले, आणि ताई विचारतेय, "रविवारी हिला क्लासला सोडशील का गं? चित्रकलेचा आहे. इंटरमिजिएटचा."

"ही अजून चित्रं काढते?" मी खरंच चकित झाले. कारण भाची नववीत आहे, आणि नववीतल्या मुलांच्या टाइमटेबलमध्ये शिंकायलासुद्धा वेगळी तासिका नसते.

"काढतेय कुठली! अगं, दहावीला सात मार्क मिळतात. फुकट!"

फुकट. या एका शब्दासाठी मराठी माणूस काय काय करतो, ते मी सांगायला नको. रविवारी सकाळी साडेआठला मी भाची, ड्रॉइंग बोर्ड, पाण्याचा डबा आणि जुन्या बनियनचं फडकं असा सगळा संसार स्कूटरवर घालून निघाले.

तुमच्यापैकी किती जणांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय? वर करा हात. ऑफिसमध्ये वाचत असाल तर मनातल्या मनात करा. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांच्या घरी कपाटाच्या तळाशी ते सर्टिफिकेट असतंच. शासकीय रेखाकला परीक्षा हे तिचं भारदस्त नाव. घेतं राज्याचं कला संचालनालय. पाव इम्पिरियल साइजचा कागद, त्याला चार क्लिपा, आणि कॅमलच्या रंगपेटीत पहिल्यांदा संपणारा पांढरा नि शेवटपर्यंत तसाच राहणारा जांभळा! इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे पेपर. स्थिरचित्रात समोर किटली, कपबशी, एखादं वांगं नि मागे चुण्या पडलेला पडदा. स्मरणचित्रात दिलेल्या विषयांपैकी एक, आणि त्यात माणसं हवीतच.

मी दिली तेव्हा आमच्या वर्गात मार्कांची भाषा कुणी केल्याचं आठवत नाही. आता हिशेब सरळ आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीच्या निकालात सात मार्क, बीला पाच, सीला तीन. कॉलेज अ‍ॅडमिशनला पॉइंट टू पर्सेंटवरून रडारड होते, तिथे सात मार्क म्हणजे लॉटरी. ताईचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. मी आई असते तर मीही रांगेत उभी राहिले असते.

तर क्लास. कुठला ते विचारू नका, तुमच्या गल्लीतला धरून चाला. एका बिल्डिंगच्या पार्किंगवरच्या हॉलमध्ये चाळीस मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली. सर उत्साही. फळ्यावर चित्र काढलं, 'भाजी बाजार'. डावीकडे छत्री, छत्रीखाली मांडी घालून बसलेली बाई, समोर टोपल्या. उजवीकडे पिशवी घेतलेली बाई, तिचा हात धरलेला मुलगा. मागे दोन झाडं, एक घर, तीन पक्षी. मुलं कॉपी करायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. सर मधून मधून फिरत सांगत होते, "बाई पाठ झाली ना? मग बाजार आला तर टोपली द्या. पाणवठा आला तर हंडा द्या. जत्रा आली तर फुगा द्या. बाई तीच!"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की पेपरचं नाव काय आहे... स्मरणचित्र! आठवणीतून काढायचं चित्र. आणि इथे चाळीस मुलं एकाच माणसाची आठवण पाठ करत होती.

सुटल्यावर मी सरांना (सौम्य शब्दांत हं) विचारलंच. ते चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, "मॅडम, मला मिळतात दहा रविवार. पोरांनी पाचवीनंतर ब्रश धरलेला नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला गणित घेतात. दहा रविवारांत बघायला शिकवू की काढायला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्कूटरवर मागे बसलेली भाची मात्र म्हणाली, "मावशी, मी ना छत्रीखाली बसलेली भाजीवाली कधी बघितलीच नाहीये. आपल्याकडे भाजी अ‍ॅपवरून येते."

आता एक कन्फेशन. माझी इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. घरात अनेक वर्षं फ्रेम होती. पाहुण्यांना चहाबरोबर दाखवली जायची. पण मी स्मरणचित्र कुठलं काढलं होतं माहितीये? डावीकडे छत्री, छत्रीखाली बाई, उजवीकडे पिशवी, हात धरलेला मुलगा. आमच्या सरांची बाई वेगळी होती इतकंच. तिला अंबाडा होता.

माझ्या बाकावर माझी एक मैत्रीण बसायची. तिच्या आईचा मंडईत भाजीचा गाळा. मंडई म्हणजे आपली पुण्याची महात्मा फुले मंडई, १८८६ साली बांधलेली, तेव्हाचं रे मार्केट. तिथे आत गेला असाल तर आठवा, विक्रेते खाली बसत नाहीत. ते उंच ओट्यावर, भाजीच्या ढिगांच्या मधोमध बसतात, आणि आपण खालून मान वर करून भाव विचारतो. ही शाळा सुटली की त्या ओट्यावर आईच्या शेजारी बसून होमवर्क करायची.

सराव परीक्षेला विषय आला बाजाराचा. आम्ही सगळ्यांनी छत्री उघडली. हिने काढली डोकी. वरून दिसणारी डोकी! टक्कल, टोपी, वेणी, गजरा, काखेत अडकवलेलं हेल्मेट. वर आलेले हात, हातात नोटा, आणि सगळ्यांचे डोळे एका जागी, तागडीवर. एका कडेने फक्त एक हात चित्रात आलेला, बांगड्या घातलेला, तागडी धरलेला. बाकी बाई नाहीच.

सरांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यात भाजीवाली कुठाय?"

ती म्हणाली, "सर, मी तिच्या शेजारी बसलेय ना. मला तिचा हातच दिसतो."

वर्ग हसला. मीही हसले. सर हसले नाहीत, पण म्हणाले, "परीक्षेत असलं करू नकोस बाळा." तिने परीक्षेत असलंच केलं. तिला सी मिळाला. त्याच चित्रामुळे मिळाला असं मी म्हणणार नाही. तिची भूमिती आमच्या सगळ्यांत कच्ची होती, आणि अक्षरलेखनात तिची अक्षरं ओळीच्या शेवटी एकमेकांच्या मांडीवर बसायची. पण तिला सी आणि मला ए, एवढं खरं.

इतक्या वर्षांनी त्या हॉलमध्ये ते चित्र मला जसंच्या तसं आठवलं. माझं स्वतःचं आठवायला मात्र सरांची छत्री आठवावी लागली.

म्हणून म्हटलं, शाळेतली चित्रकला नेमकं काय शिकवते, ते एकदा नीट बघू या. सात मार्क बाजूला ठेवून.

स्थिरचित्राचा पेपर घ्या. किटली सगळ्यांना माहीत असते. ती काढायला बसलं की कळतं, आपल्याला किटली हा शब्द माहीत होता, किटली नाही. नळी पोटातून कुठे फुटते? तोंडाचा गोल इथून बघितला तर किती चपटा दिसतो? स्टीलवर वांग्याची सावली काळी पडते की जांभळी? दोन-अडीच तास एका वस्तूकडे बघत बसायला सांगणारा शाळेतला हा बहुधा एकमेव विषय आहे. आपण हल्ली एखाद्या गोष्टीकडे सलग किती वेळ बघतो? मी स्वतःवर घड्याळ लावलं होतं. आकडा छापण्यासारखा नाही!

भूमिती आणि अक्षरलेखन म्हणजे आमच्या वेळचा सगळ्यात बोअर पेपर. पण दोन अक्षरांमधली जागा हीसुद्धा मोजून नाही, नजरेने द्यायची असते हे मला तिथेच कळलं. उभ्या दोन दांड्या शेजारी आल्या तर जागा जास्त सोडायची, गोल अक्षरं आली तर कमी. ज्यांना हे कळलं नाही ते पुढे मोठे होऊन ऑफिसात प्रेझेंटेशन करतात, एका स्लाइडवर चार फॉण्ट टाकून. तुमच्या टीममध्येही एक असेल. नसेल तर तो तुम्ही आहात.

आणि नुसतं बघणं किती लांब नेऊ शकतं? चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. मध्य प्रदेशातल्या छोट्या गावातली शाळा, पोरगं चंचल. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. बस्स! पुढे रझा नागपूरच्या कला शाळेत शिकले, मग मुंबईत जे. जे.मध्ये, १९५० साली पॅरिसला गेले. आणि १९८०च्या आसपास त्यांच्या कॅनव्हासवर जो मोठा काळा बिंदू येऊन बसला, तो २०१६ मध्ये ते जाईपर्यंत तिथून हलला नाही. गुरुजींनी ठिपका पाठ करून घेतला नव्हता. बघायला लावला होता.

"पण हिला कुठे चित्रकार व्हायचंय!" इति ताई. बरोबर. पण समजा व्हायचं असेल, किंवा डिझायनर, किंवा जाहिरातीत जायचं असेल, तर? बारावीनंतर राज्यातल्या बीएफएसाठी जी सीईटी असते, तिच्यात काय विचारतात ते बघा. डिझाइन, वस्तुचित्र, स्मरणचित्र, आणि सोबत सामान्यज्ञान. म्हणजे नववीतलेच पेपर पुन्हा दारात उभे! बी. डिझाइनसाठी आयआयटी मुंबई २०१५ पासून युसीड घेते, त्यातही कागद-पेन्सिलीने चित्र काढावं लागतं. तिथे पाठ केलेली बाई कितपत उपयोगी पडणार?

गंमत म्हणजे कागदावर सगळ्यांना चित्रकला हवी आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितलं की दहावीपर्यंत कला सक्तीची हवी. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, कला हा 'एक्स्ट्रा' विषय नाही. मस्त! पण २००९चा शिक्षण हक्क कायदा उघडा. सहावी ते आठवीचे वर्ग, पट शंभराच्या वर, तर कलेसाठी शिक्षक हवा. कसा? अर्धवेळ. म्हणजे विषय पूर्ण, माणूस अर्धा. मग उरलेला अर्धा भरून काढतो रविवारचा क्लास.

आणि इथे मला खरी भीती वाटते. क्लासची फी भरणारी मुलं निदान सात मार्क तरी मिळवतील. माझ्या मैत्रिणीच्या आईला क्लास परवडलाच नसता. तिला ब्रश मिळाला तो शाळेत, पाण्याचा डबा शाळेत, आणि आठवड्यातून दोन तास कुणीतरी "बघ" म्हणालं तेही शाळेत. तो तास गणिताला गेला की माझं काही बिघडत नाही, तिचं सगळं जातं. पाठांतर करायला शिकवणाऱ्या जागा गल्लोगल्ली आहेत. बघायला शिकवणारी फुकट जागा एकच होती.

त्या रात्री मी तिला फोन केला. पाच-सहा वर्षं आम्ही फक्त वाढदिवसाला केकचे इमोजी पाठवत होतो. ती हिंजवडीला एका कंपनीत पेरोल बघते. गाळा आता भाऊ चालवतो. मी चित्राचा विषय काढला तर ती आधी खूप हसली.

"अगं, सी मिळाला ना, तेव्हा आई म्हणाली, सी म्हणजे काय गं? मी म्हटलं, पास. तिनं अख्ख्या लाइनला पेढे वाटले!"

"मग सोडलंस का?"

"सोडलं असं नाही. पण सी मिळाल्यावर आर्टला जायचंय असं कुठल्या तोंडानं सांगू? कॉमर्स घेतलं. मग नोकरी." ती थोडी थांबली. "पण तुला तर ए होता. तू का सोडलंस?"

बॉस, दहा सेकंद मी काही बोलूच शकले नाही. कारण उत्तर मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्याकडे काढण्यासारखं काही नव्हतं. दोन चित्रं पाठ होती, दोन्ही सरांची. परीक्षा संपली, चित्रं संपली.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला आम्ही तिघी मंडईत. ताईला सांगितलं होतं, "सरावाला नेतेय." खोटं नव्हतं. मैत्रिणीच्या भावाने भाचीला ओट्यावर बसायला जागा करून दिली. एका बाजूला गवारीचा ढीग, एका बाजूला मिरच्या. ती मांडीवर वही घेऊन पहिली पंधरा मिनिटं नुसती बसली होती. मग म्हणाली, "मावशी, सगळे भाव विचारताना एक भुवई वर करतात." नंतर म्हणाली, "पिशवी जड झाली की माणूस वाकतो त्याच्या उलट्या बाजूला." मग ती काही बोलली नाही. आठ पानं भरली. त्यातली सहा भयंकर होती, हात म्हणजे काकड्या. पण एकाही पानावर छत्री नव्हती.

ताईने वही बघितली आणि तिचा चेहरा पडला. "हे काढून ए मिळेल?"

मी सरळ सांगितलं, "माहीत नाही." आमचं छोटं भांडणही झालं. ती म्हणाली, "तुझं बरंय, तुझी अ‍ॅडमिशन झालेली आहे." तेही खरंच आहे. दुसऱ्याच्या मार्कांवर प्रयोग करायला काय जातं? म्हणून मी भाचीला क्लास सोडायला सांगितला नाही. सरांची बाईही पाठ ठेव म्हटलं. माणूस उभा कसा करायचा, मागचं लहान आणि पुढचं मोठं कसं दाखवायचं, हे सर चांगलं शिकवतात. फक्त त्या बाईला बघायला काहीतरी दे, एवढंच.

परीक्षेच्या दिवशी गेटबाहेर आम्ही दोघी बहिणी उभ्या होतो. भाची कोपरापर्यंत रंगलेली बाहेर आली. विषयांत बाजार होता. ताईने श्वास रोखून विचारलं, "काय काढलंस?"

"सरांची बाई," ती म्हणाली. ताईने श्वास सोडला. "पण छत्री काढून टाकली आणि तिला ओट्यावर बसवलं. आणि ती गिऱ्हाइकाकडे बघत नाहीये. तागडीकडे बघतेय. कारण काटा हलला की तिचं नुकसान होतं."

निकाल अजून लागायचा आहे. सात येतील, पाच येतील, तीन येतील. ताईने नवस बोलला असेल तर मला माहीत नाही.

मी मात्र परवा अप्पा बळवंत चौकात गेले आणि दोन रंगपेट्या घेतल्या, कॅमलच्याच. दुकानदाराने विचारलं, "मुलांसाठी?" मी हो म्हटलं. एक पेटी हिंजवडीला पोचलीय. दुसरी माझ्या लॅपटॉपशेजारी आहे, आणि तिचं सील अजून फोडायचंय. कारण अगदी खरं सांगायचं तर भीती वाटते. ए ग्रेडवाल्यांना वाटते.

येत्या शनिवारी सकाळी मंडईत भाजीला आलात, तर एका गाळ्याच्या ओट्यावर मिरच्यांच्या शेजारी दोन बायका वह्या घेऊन बसलेल्या दिसतील. एक झरझर काढत असेल आणि दुसरी नुसतीच बघत बसलेली असेल. ती दुसरी मी. भाव मला विचारू नका, आणि हो, भुवई जरा खाली ठेवा. मला अजून ती जमत नाही.